मुंबईचं फूल

मॅट्रिक झालेल्या गोवर्धनला बी.कॉम. मुंबईलाच करायचं होतं. नागपूरच्या कॉलेजात फी निम्मी, राहायला मामाचं घर. मुंबई आम्हाला झेपणारी नव्हती, पण पोराला सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. हे म्हणाले, “देवीलेच इचारू.” शुक्रवारची पूजा झाल्यावर मी अंबेच्या खांद्यांवर कण्हेरीची दोन फुलं लावली, उजवं नागपूरचं, डावं मुंबईचं. ती नुसत्या पाण्यानं चिकटवायची असतात. आधी पडेल तो कौल. घटकाभरानं उजवं पडलं. “घे बाप्पा, नागपूर! आता देवीसंगं भांडतं काय?” हे हसले. पोरगा माळ्याचा, फुलांत वाढलेला. त्यानं डावं फूल काढायला हात लावला, ते निघेना. ओढलं तशी पाकळी फाटली आणि मी लावलेलं घट्ट गंध त्याच्या बोटाला आलं. “मामाले पत्र लिही,” तो म्हणाला. “खरं सांगतलं असतं, त मीच नागपूर म्हटलं असतं.”