बाटलीतला मनीप्लांट

अख्ख्या मंचरला पिकांचा सल्ला देणाऱ्या खत-दुकानदार दादाभाऊंनी नव्या कलर टीव्हीवर काचेच्या बाटलीत मनीप्लांट लावला. रोज पाणी बदलायचे, चिमूटभर युरिया टाकायचे, मुळं बाहेर काढून बघायचे. अशानं तीन वेल कुजले. चौथा लावला आणि ते पंधरा दिवस लेकीकडं नाशिकला गेले. परतले तर वेलाला दोन नवी पानं!

"काय घातलंस गं याला?"

"काय बी नाय. तुमी घरी नव्हता, तेवढंच," त्यांच्या बायको गजराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक शेतकरी आला. "भाऊ, टोमॅटो लई पिवळा पडलाय. काय मारू?"

दादाभाऊ फळीवरच्या औषधांकडं बघत राहिले.


"पावणं, पंधरा दिवस लेकीकडं जाऊन या."