शंभराव्या वर्षाची फेरी

शंभर वर्षं झाली म्हणून जुन्या प्रवासी बोटीला रंग दिला होता आणि तलावात तिची खास फेरी निघाली होती. "या बोटीवर आजवर एकही अपघात झालेला नाही," तरुण मालकाने माइकवरून सांगितलं, तशी आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातीचा हात सोडवून ती तडक पुढे गेली आणि तिने माइक हिसकावून घेतला. "वाफेचा नळ फुटून माझा नवरा याच बोटीत इंजिनापाशी भाजला. वर तुझ्या वडिलांचे पाहुणे जेवत होते. त्यांचा विरस नको म्हणून बोट माघारी फिरवली नाही. धक्क्याला लागेपर्यंत तो गेला होता." "आजी, चांगल्या दिवशी जुनं कशाला उकरता?" मालक पुटपुटला. "तेव्हा फिरवली नाहीत ना? आता फिरवा." तो कसनुसा हसला, पण चालकाने कुणालाही न विचारता बोटीचं तोंड धक्क्याकडे वळवलं.