बियाण्याची कणगी

हरेश्वरने बांबूच्या कणगीचं लिंपण एका कडेने फोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर भात बाहेर काढलं. निम्मं काळं पडलं होतं, उरलेल्याला कोंब फुटले होते. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती.

"पानी शिरलं," तो म्हणाला.

कणगीच्या तोंडावरच्या उरलेल्या लिंपणाला वीतभर चीर गेली होती. मे महिन्यातल्या अवकाळी पावसात पडवीचं छप्पर गळलं, ते पाणी थेट आत उतरलं होतं.

त्याची बायको संजना दाराआड उभी होती.

होळीच्या आधी तिचा भाऊ भूपेश आला होता. वडील गेल्यापासून माहेरी चूल दिवसातून एकदाच पेटत होती. खायच्या भाताची कोठी सासूच्या खोलीत. सासूकडे मागायची संजनाची हिंमत झाली नाही. घरात कोणी नव्हतं. तिने बियाण्याच्या कणगीचं तोंड फोडलं, पिशवीभर भात भूपेशच्या हाती दिलं आणि भोक घाईघाईने बुजवलं. माती धड भिजवलीही नव्हती.

आता सासू, बायजा, पुढे आली. तिने चिरेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"माझंच लिंपन कच्चं रायलं," ती म्हणाली. "हात थकलं माझं."

हरेश्वर आईवर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. बियाणं मामाकडून मागून आणावं लागलं.

जूचंद्र गावात बायजाच्या लिंपणाला नाव होतं. सुगी सरली की दर घरातून तिला बोलावणं यायचं. त्या वर्षी एकही आलं नाही. शेजारच्या वसुंधराने तर कणगी मोडून पत्र्याची कोठी आणली. बायजा पडवीत बसून राही, रिकामे हात मांडीवर ठेवून. ते हात दिसले की संजना घास ताटात परत ठेवी. दोनदा ती सांगायला म्हणून उठली आणि दोनदा नुसतं पाणी पिऊन परत आली.

नवं भात वाळून घरात आलं. बियाणं निवडून, पायलीने मोजून बायजानेच कणगीत भरलं. हरेश्वर बायकोला म्हणाला, "औंदा लिंपन तू कर. आयला हात लावू देऊ नको." बायजा तिथेच होती.

संजना शेणमातीचा गोळा घेऊन कणगीपाशी गेली. हात वर जाईना.

"आय," ती म्हणाली, "तोंड मी फोडलं होतं. माझ्या आयला भात धाडलं. मी ह्यांना सांगते. गावात सांगते."

बायजाने तिच्या हातातला गोळा काढून घेतला आणि कणगीच्या तोंडावर थापायला लागली. कडेकडेने, अंगठ्याने दाबत.

"मना ठाव हाय. माझ्या मातीत तूस असतं. त्या चिरेत नव्हतं."

संजना दाराकडे वळली.

"सांग सगल्यांना. पन आधी ऐक. आता वरनं फोडू नको. खाली भोकाला बोळा लावलाय, तिथनं काढ. दोन पायल्या जास्ती भरल्यात. तुझ्या आयसाठी."