लिहायची परवानगी

फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ओमेश्वरच्या पेल्यात अर्धा चहा होता. सडक अर्जुनीला हायवेवर, कॉलेजसमोरच्या ढाब्यावर तो बसला होता.

"सर, रामबाई आत्याचं गाणं झालं. सेव्ह होऊन नाही राहिलं. परवानगी नाही म्हणते."

"येऊन राहिलो, मॅडम."

कॉलेजची कॉम्प्युटर लॅब तो सांभाळत असे. मराठीच्या दुर्गेश्वरी मॅडम पोवारी बोलीतली गाणी गोळा करत. ती ठेवायची मोठी डिस्क त्यानेच लॅबच्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडून दिली होती. बाकीच्यांना तिच्यावरचं ऐकता येई, तिच्यावर लिहिता, म्हणजे नवीन काही साठवता येत नसे. त्यासाठी ओमेश्वरचा पासवर्ड लागे. मग गाणं झालं की त्याला बोलावणं येई. तो शेजारी खुर्ची ओढून बसे, पासवर्ड टाकी. "तुम्ही नसते तर कसं झालं असतं, सर!" मॅडम म्हणत. ते ऐकायला त्याला बरं वाटे.

त्याने चहा सावकाश संपवला. ट्रक जाऊ दिले. रस्ता ओलांडून तो लॅबच्या दारात पोचला आणि बत्ती गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. 

बत्ती आल्यावर दुर्गेश्वरीने मशीन सुरू केली. सेव्ह न झालेलं गाणं कुठेच नव्हतं. हळदीचं ते गाणं पूर्ण येणारी रामबाई एकटीच उरली होती.

"आत्या, पुन्हा एकदा..."

"मी का टेप आहो का?" रामबाईने पदर सावरला. "गळा बसला माहा. बसवर सोडून दे मले."

"थांबा दोन मिनिटं," ओमेश्वर घाईने म्हणाला. डिस्क कशी जोडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये त्याने एका ओळीला दोन-तीन शब्द जोडले. डिस्क काढून पुन्हा जोडली. "आता तुमच्या नावानंबी लिहिता येते, मॅडम."

दुर्गेश्वरीने एक रिकामी फाइल करून पाहिली. सेव्ह झाली.

"इतकंच होतं?"

"हो."

"मंग इतके दिवस काऊन नाही केलं?"

त्याने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. "कोणी चुकून पुसून टाकलं असतं तं..."

ती रामबाईचा हात धरून बाहेर पडली.

त्यानंतर त्याला बोलावणं आलं नाही. डिस्कवर मात्र नवीन फाइली दिसू लागल्या. एका दुपारी लॅब रिकामी असताना त्याने त्यातली एक उघडली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग रामबाईचा.

"तो मास्तर नाही आला का आज?"

"त्याईचं काम नाही लागत आता, आत्या. म्हण तू."

रामबाई खाकरली आणि हळदीचं गाणं सुरू झालं.