चिलीम पेटती तोवर

“निखारा मधोमध आलाय गं नूरीन. कडंला सरकव. लांबू दे हुक्का.”

जाफरभाई लोडाला रेलून म्हणाले. नूरीननं चिमट्यानं निखारा हुक्क्यावरच्या चिलमीच्या काठाशी नेला, त्यावरची राख हलकेच फुंकली आणि परत भिंतीशी जाऊन बसली. बसली कसली, टेकली. हल्ली तिला भिंत लागायची.

जाफरभाई तिचे सासरे. तिला न्यायला साताऱ्याहून आले होते. शेजारी तिचा नवरा अजहर, मान मोबाइलात. समोर तिचे अब्बा, अमीरभाई. मलकापुरातलं गाद्या भरायचं दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या, एवढंच तिचं माहेर. उन्हाच्या तिरीपेत कापसाचे तंतू तरंगत होते. बाहेर हायवेवरच्या गाड्या अखंड वाहत होत्या.

सासरी तिचं पोट पडलं होतं. जीव आतून हलू लागला होता, आणि गेला. अंग सावरायच्या आत नणंदेच्या मंगनीच्या पाव्हण्यांसाठी तिला चुलीपुढं उभी केली. “बायकांचं हे चालायचंच,” अजहर म्हणाला होता. तेव्हाही मान मोबाइलातच होती. त्या दुपारी ती एसटीत बसली. भांडली नाही, रडली नाही. दमली होती, म्हणून निघून आली. अम्मीला सगळं सांगितलं. अब्बांनी मात्र अजून एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आज जाफरभाई चपला काढता काढताच म्हणाले होते, “आधी हुक्का भरा अमीरभाई. मग बोलू.” तेव्हाच तिनं ओळखलं. या घराची रीत साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक. पाव्हण्यापुढं चिलीम पेटती आहे तोवर घरधन्यानं त्याला नाही म्हणायचं नाही. आजोबांच्या वेळेपासूनची रीत. कितीएक सोयरिकी या धुरात जुळल्या, कितीएक भांडणं या धुरात मिटली. जाफरभाई ती रीत धरूनच आले होते. होकार घेतल्याशिवाय उठणार नव्हते.

चिलीम भरायची तर नूरीननंच. लहानपणापासून ते काम तिचं. गुळात मळलेली तंबाखू सैलसर भरायची, वर मातीची चकती, चकतीवर बाभळीचे निखारे. आच कडेकडेनं फिरवत ठेवली की धूर गोड येतो, दिवेलागणीपर्यंत पुरतो. तिचा हात आपसूक फिरत होता. मन कुठंच नव्हतं.

“अजून एक निखारा ठेव,” अब्बा म्हणाले.

तिनं ठेवला.

“आवं, बास की,” जाफरभाई म्हणाले. “मंदच बरा असतोय.”

“असू द्या. पाव्हण्याला कमी पडाय नगं.”

नूरीननं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी पाहिलं नाही. म्हणजे ठरलं तर. लेक पाठवायची ती मानानं पाठवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. दारात उभी असलेली अम्मी पदराचं टोक चावत होती.

जाफरभाईंनी नळी तोंडाला लावली, डोळे मिटले. “हिच्या हातची सर न्हाई कुणाला. ही हिकडं आल्यापास्नं आमचा हुक्का कोपऱ्यात पडलाय बघा. त्या बाकीच्या दोघी सुना? एकीचा इझतोय, एकीचा धुमसतोय.” ते खदाखदा हसले. “काय रं अजहर, हुक्क्यासाठी तरी न्यायची का न्हाई बायकू?”

अजहर मोबाइलात बघूनच हसला. कशी आहेस, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

“नूरीन, अजून दोन ठेव,” अब्बा म्हणाले.

“अब्बा, करपंल.”

“ठेव म्हणतो न्हवं!”

असा आवाज त्यांनी तिच्यावर आजवर चढवला नव्हता. तिनं निखारे ठेवले. चकतीवर आता तसूभर जागा उरली नाही. तिचे डोळे भरून आले, ते धुरावर गेलं. माहेरचा उंबरा आज तिला पहिल्यांदा परका वाटला. उद्या पुन्हा ती चूल, पुन्हा ते घर, पुन्हा ती न उचललेली मान. भांडायला अंगात बळ हवं, आणि बळच तर संपलं होतं.

जाफरभाई पुढं सरकले. “तर मग अमीरभाई, सकाळी गाडी धाडतो. झालं गेलं इसरून जाऊ. व्हय म्हणा.”

अब्बांनी हात पुढं केला. नळी घेतली आणि ओढू लागले. एक झुरका, दुसरा, तिसरा. मधे उसंत नाही. तळातलं पाणी खळखळत राहिलं. चिलमीवरचे निखारे लालबुंद झाले, मग पांढरे. अब्बांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. इतका सोशिक माणूस, पाव्हण्यांची पाळी न बघता असा का ओढत सुटला, नूरीनला कळेना. खोलीत करपट वास पसरला.

“व्हय म्हणताय न्हवं?” जाफरभाईंनी नळी ओढून घेतली, झुरका मारला आणि खोकत सुटले. डोळ्यांना पाणी आलं. “आरं, समदी जळली की तंबाखू! आवं, असली घाई करत्यात व्हय हुक्क्याला?”

अब्बांनी नूरीनच्या हातातून चिमटा काढून घेतला. चिलीम उतरवली, मागच्या दारी नेली, राखेसकट पालथी केली. परत येऊन लेकीच्या शेजारी भिंतीला टेकले. श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला.

“घाई केली खरी, जाफरभाई,” ते म्हणाले. “तुमास्नी न्हाई म्हणायचं व्हतं.”