‘क्यू’ अक्षराची नोंद

फ्लॉपीची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये करणारा तो प्रोग्रॅम होता. तो लिहिणारे ताराचंदजी नोकरी सोडून गेले. आदेशापुढे कोणतं अक्षर टाईप केलं की काय होतं, याची पुस्तिका लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक अक्षर तीनदा चालवून पाहायचं आणि मगच त्याची नोंद करायची, अशी आमच्या इतवारीतल्या ऑफिसची रीत होती.

माझी दहा महिन्यांची रेवा आतल्या खोलीत झोळीत निजली होती. ऑफिसच्या सिंधूताई झोका देत होत्या, तरी माझा एक कान तिकडेच होता.

दुपारी मी ‘क्यू’ चालवलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. आत रेवा खुदकन हसली.

“काय झालं, सिंधूताई?”

“काही नाही वं बाई, सटवाई हसवून राहिली तिले झोपेत. तू काहून एवढी घाबरतं?”

पुन्हा ‘क्यू’. पुन्हा तेच हसू, तेवढंच लांब, शेवटी तशीच उचकी.

मी आत धावले. सिंधूताई मागच्या नळावर गेल्या होत्या. रेवाला उचलून मी बाहेर आणलं आणि तिला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. ती जागी होती, माझ्या बांगड्या ओढत होती. आता हसली तर निदान माझ्या डोळ्यांसमोर हसेल, म्हणून मी तिसऱ्यांदा ‘क्यू’ दाबलं.

हसू आतून आलं.

पाठोपाठ नळावरून परतलेल्या सिंधूताईंची हाक आली, “बाई, उठली वं पोरगी! ये लवकर, झोळीतून हात पसरून राहिली.”

मांडीवरच्या रेवाने रडायला तोंड उघडलं. आवाज आतल्या खोलीतून आला.