पांढऱ्या वाघाचं शेपूट

"सणाचं पीठ हाय ते. आन् वाघ कदी पांढरा असतो व्हय? वाघ पिवळा असतो. राख फासल्याला गोसावी असतो."

फुलाबाई सकाळपासून पोरावर ओरडायला कारण शोधत होती, ते तिला आयतंच मिळालं. तिच्या कुंडलिकनं तांदळाचं पीठ पाण्यात कालवून सगळ्या अंगाला फासलं होतं. अख्खा पावसाळा हा पोरगा चुलीपुढं बसून होता. लढाईत लडाखच्या बर्फानं त्याच्या उजव्या पायाची बोटं खाल्ली. ती गेली ती गेली. पण माणसानं म्हणून मांजरासारखं राखेत बसून राहायचं? पलटणीतून परत आला तेव्हा तो म्हणाला होता, "आये, गुरं मी नेतो." ती म्हणाली होती, "आदी अंगण तरी धड चालून दाव." तेव्हापासून गुरं गेनू गुराख्याकडंच राहिली आणि कुंडलिक चुलीकडं.

आज वाघबारस. आज गावात एकजण वाघ होतो. हळदीनं अंग पिवळं करून त्यावर काजळीचे पट्टे ओढतो, कमरेला लांब शेपूट बांधतो. वाघजाईच्या देवळापासून शिवेच्या दगडापर्यंत वाघानं जायचं आणि गावच्या पोरांनी त्याच्या मागं लागायचं. शेपटाचा गोंडा ज्याच्या हाती आला, वाघाचा मान त्याच्या घरी गेला. वाघ निसटला तर मान जिथल्या तिथं. मग शिवेवर त्या घरची कारभारीण त्याला विचारते, आमच्या गुरांना तोंड लावशील का? त्या दिवशी वाघाच्या अंगात वाघजाई असते, म्हणून तो माणसाची भाषा बोलत नाही. नुसती मुंडी हलवतो. हा मान फुलाबाईच्या घरात सासऱ्याच्या आधीपासून होता.

काल शेजारचे रामभाऊ म्हणाले होते, "वैनी, नारळ असाच आमच्या भिमाला देऊन टाका. लंगड्याला कशाला पळवताय?" गोड बोलले, म्हणून जास्तच लागलं. तरी तिनं नारळ लुगड्याच्या ओच्यात बांधून ठेवला होता. मान गेला तर ज्याच्या घरी जातो त्याच्या हाती नारळ द्यावा लागतो. भिमा म्हणजे हरणाचं पाडस. हिशोब सरळ होता.

कुंडलिक बोटानं अंगावर काजळीची वलयं काढत होता. पट्टे नव्हेत, वलयं.

"तिकडं बर्फात वाघ असाच असतो, आये. आमच्या चौकीवरच्या कड्यावर येऊन बसायचा. शेपूट अंगाभवती गुंडाळून, गोंडा तोंडात. त्येच त्याचं घोंगडं." त्यानं बोट परत काजळीत घातलं. "आमच्याकडं तेवढंबी न्हवतं."

परत आल्यापासून तिकडचं तो पहिल्यांदाच बोलला होता. फुलाबाईनं तव्यामागची काजळी खरवडली आणि त्याच्या मागं जाऊन बसली.

"पाठीवर तुझा हात पोचंना. हल जरा उजेडाकडं," ती म्हणाली.

दुपारी देवळापुढं पांढरा वाघ उभा राहिला तेव्हा पोरं हसली. शेपूट जुन्या घोंगडीचं होतं. आत पेंढा भरलेला, मनगटाएवढं जाड, त्याच्या उंचीएवढं लांब. ढोल वाजला. भिमानं धाव घ्यायला पाय मागं रोवला.

वाघ पळालाच नाही. त्यानं शेपूट कमरेभोवती फिरवलं, खांद्यावरून पुढं घेतलं आणि गोंडा दातांत धरला. मग टाचेवर भार देत, एका बाजूला लवत, बांधावरून चालायला लागला.

भिमा दोन उड्यांत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं हात पुढं केला. वाघ तोंडातल्या तोंडात गुरगुरला. हात तिथंच थांबला. वाघाच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे भिमाला त्याच्या आजीनंच शिकवलं होतं.

"ह्यो डाव न्हाई," रामभाऊ म्हणाले. "वाघानं पळाया पायजे."

"शेपूट त्याचं हाय," फुलाबाई म्हणाली. "कुटं ठेवायचं त्ये तुमाला इचारून ठेवू व्हय? आन् वाघ भ्याला म्हंजे पळतो. न्हाई भ्याला तर चालतो."

रामभाऊंना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं.

दोन्ही अंगाला भात पिकून वाकलं होतं. मधल्या बांधावरून वाघ चालला होता आणि मागं सगळी पोरं. पळायचं कुणालाच सुचेना. अर्ध्या वाटेत कातळ लागला, तेव्हा वाघ त्यावर बसला, शेपूट पायांवर ओढून घेतलं आणि रानाकडं बघत राहिला. पोरंही बसली. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. दम खाऊन वाघ उठला, तसे सगळे उठले.

शिवेच्या दगडापलीकडं त्यानं दुखरा पाय टाकला. घामानं पीठ ओघळलं होतं, खालचा कुंडलिक जागोजागी दिसत होता. फुलाबाईनं ओच्यातून नारळ सोडला. तो रामभाऊंच्या हाती द्यावा लागेल असं वाटलं होतं, म्हणून गाठ जरा जास्तच घट्ट बसली होती. तिनं तो दगडावर फोडला.

"आमच्या गुरास्नी तोंड लावशील का?"

वाघानं मुंडी हलवली. नाही.

इथं विधी संपतो. माणसं माघारी वळली. फुलाबाई जागची हलली नाही. वाघाच्या दातांतून तिनं गोंडा अलगद काढून घेतला.

"मग उद्यापासनं तूच राख त्यास्नी," ती म्हणाली. "गेनूनं असा शबूद मला कदी दिला न्हाई."